सिंगापूरला राहायला जाताय? पासापासून घरापर्यंत, क्रमाने काय करायचं

सिंगापूरला नोकरीसाठी निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. घरभाडं किती, ज्वारीचं पीठ मिळतं का, मुलांच्या शाळेचं काय? प्रश्न रास्तच आहेत. पण मला कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते: पास, म्हणजे इथे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना, कोणता मिळालाय? घर किती मुदतीसाठी घ्यायचं, बायको किंवा नवरा नोकरी करू शकेल का, आईवडील येऊन राहू शकतील का, नोकरी गेली तर किती दिवस थांबता येईल, हे सगळं त्या पासावर ठरतं. इथले नियम कडक आहेत, पण स्पष्ट आहेत आणि सगळ्यांना सारखे लागू होतात. ते आधी वाचून आलेल्या माणसाला हे बेट फार सोपं जातं. म्हणून हा लेख कामं ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने लिहिला आहे.

पास: निघण्याआधी नीट वाचायची गोष्ट

पदवीधर नोकरदारांना बहुतेक वेळा एम्प्लॉयमेंट पास मिळतो. त्याला इथे सगळे 'ईपी' म्हणतात. त्याखालोखाल एस पास आणि मग वर्क परमिट. ईपीसाठी 2025 पासून किमान पगार महिना 5,600 सिंगापूर डॉलर आहे, वित्तक्षेत्रात 6,200. वय वाढतं तशी ही अट वाढत जाते. सप्टेंबर 2023 पासून गुणांकन पद्धतही आली. त्यात पगार, पदवी आणि कंपनीत कोणत्या देशांचे किती लोक आहेत हे पाहिलं जातं. अर्ज तुम्ही करायचा नसतो, कंपनी करते. मंजुरी मिळाली की 'आयपीए' नावाचं पत्र येतं आणि ते दाखवून पहिल्यांदा देशात प्रवेश मिळतो.

हे पत्र हातात आलं की सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे एमओएमच्या संकेतस्थळावर जाऊन ते खरं आहे का ते तपासा. खोट्या पत्रांवर लाखो रुपये घालवलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. तुम्हाला कामावर ठेवण्याबद्दल मालकाने पैसे घेणं इथे गुन्हा आहे. पत्रातला पगार आणि हुद्दा तुमच्या नेमणूकपत्राशी जुळतो का तेही पाहा. 'कागदावर जास्त दाखवू, थोडे परत द्या' असं कोणी म्हणालं, तर ती नोकरी घेऊ नका.

कुटुंबाला आणायचं तर डिपेंडंट्स पास, म्हणजे 'डीपी'. त्यासाठी तुमचा ठरावीक मासिक पगार किमान 6,000 डॉलर हवा. आईवडिलांना लाँग टर्म व्हिजिट पासवर ठेवायचं असेल, तर 12,000. इथे बऱ्याच घरांचा हिशेब चुकतो. पगार 5,800 ठरला, ईपी मिळाला, आणि मग कळलं की बायकोमुलांना आणता येत नाही. दोनशे डॉलरचा प्रश्न पगार ठरवतानाच सुटू शकतो, नंतर नाही.

दुसरी गोष्ट जोडीदाराच्या नोकरीची. पूर्वी डीपीवर आलेल्या व्यक्तीला साध्या संमतिपत्रावर काम करता येत असे. मे 2021 पासून ते बंद झालं. आता नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो, म्हणजे त्या पासाच्या अटी पुन्हा. भारतात चांगली नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली 'तिथे गेल्यावर बघू' म्हणत राजीनामा देतात आणि इथे वर्ष-दीड वर्ष घरात अडकतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण ती टाळता येते. राजीनामा देण्याआधी निदान तीन-चार महिने तिथूनच अर्ज करून बाजाराचा अंदाज घ्या. जमलं तर सध्याच्या कंपनीकडे बिनपगारी रजा मागा.

कागदपत्रं

महाराष्ट्रात मिळणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुधा मराठीत असतं. डीपीच्या अर्जाला इंग्रजी भाषांतर लागतं, तेही अधिकृत. लग्नाची नोंदणीच केली नसेल (आजही अनेकांनी केलेली नसते), तर पहिलं काम ते. पत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती इथे चालत नाही.

मुलांचे जन्मदाखले नावासकट असू द्या. परदेशात जन्मलेल्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना पासचा अर्ज करण्याआधी गोवर आणि घटसर्पाच्या लसींची नोंद इथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागते. डॉक्टरांच्या पिवळ्या-निळ्या कार्डावरच्या तारखा पुसट झाल्या असतील, तर नव्याने लिहून, सही-शिक्का मारून घ्या. पदवी प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, आधीच्या नोकऱ्यांची पत्रं आणि वाहन परवाना हे सगळं मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा.

बॅगेत काय नको

सिंगापूरच्या सीमाशुल्क खात्याशी गैरसमजाला जागा ठेवू नये.

खसखस आणू नका. तिच्यात अफूचे अंश असू शकतात म्हणून इथलं अंमली पदार्थविरोधी खातं तिला प्रतिबंधित वस्तू मानतं. याचा अर्थ सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेले अनारसे घरीच राहू देत. कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला घरून आणणार असाल, तर यंदा खसखस वगळून करायला सांगा.

तंबाखू, गुटखा, मशेरी, मावा, खैनी, सगळ्याला बंदी. ई-सिगारेट जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे आणि 2025 मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. सिगारेटला करमुक्त सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. च्युइंग गमच्या आयातीवर 1992 पासून बंदी आहे. अंमली पदार्थांबद्दल वेगळं सांगायला नको. इथे त्यासाठी फाशी होते. कोणाचंही बंद पाकीट 'तिकडे दे' म्हणून घेऊ नका, मग तो मामाचा मित्र का असेना.

औषधं तीन महिन्यांना पुरतील इतकी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. झोपेच्या गोळ्या, काही मानसोपचाराची औषधं आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांसाठी आधी आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे एचएसएची परवानगी लागू शकते. 20,000 डॉलरहून जास्त किमतीची रोकड जवळ असेल तर जाहीर करावी लागते.

काय आणावं? प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, तवा आणि मिक्सर. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, पण प्लग चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा असतो. आपला बसत नाही, अडॅप्टर लागतो. स्वेटर कमी आणा, सुती कपडे जास्त. पण ऑफिसात, बसमध्ये आणि सिनेमाघरात एसी इतका गार असतो की एक शाल किंवा पातळ जॅकेट रोज लागतं.

पहिले दोन आठवडे

उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं लुबाडणारी आहेत. पासपोर्टवर शिक्का पडत नाही, प्रवेशाचा तपशील ईमेलवर येतो. तो ईमेल जपून ठेवा.

मग कंपनी पास जारी करून घेते, त्यानंतर दोन आठवड्यांत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जावं लागतं, आणि काही दिवसांत कार्ड येतं. त्यावरचा 'फिन' क्रमांक म्हणजे तुमची इथली ओळख. तो मिळाला की सिंगपास उघडा. बँक, करखातं, दवाखाना, मुलांचे अर्ज, सगळीकडे याच एका खात्याने शिरायचं असतं. म्हणूनच त्याचा पासवर्ड किंवा क्यूआर कोणालाही देऊ नका. पोलीस किंवा बँकेच्या नावाने फोन येऊन फसवणूक होण्याचं प्रमाण इथे मोठं आहे, आणि नवीन आलेला, सरकारी आवाजाला घाबरणारा माणूस त्यांना सोपा सापडतो. शंका आली तर फोन ठेवा आणि 1799 या मदतक्रमांकावर विचारा.

सिमकार्ड पासपोर्टवर लगेच मिळतं. भारतातला नंबर मात्र बंद करू नका. बँकेचे ओटीपी, आधार, म्युच्युअल फंड सगळं त्यावर असतं. रोमिंग चालू ठेवून छोटा रिचार्ज करत राहा.

बँक खात्याला पासपोर्ट, पास आणि पत्त्याचा पुरावा लागतो. खाती उघडताना किमान शिल्लक किती ठेवायची ते विचारा, नाहीतर दर महिन्याला दोन-चार डॉलर कापले जातात. खातं झालं की मोबाइल क्रमांक पेनाऊला जोडा. आपल्या यूपीआयसारखीच ही सोय आहे, आणि फेब्रुवारी 2023 पासून दोन्ही एकमेकांना जोडलेल्या आहेत, त्यामुळे ठरावीक बँकांमधून घरी पैसे पाठवणं सोपं झालंय.

घर: इथे घाई करू नका

पहिला महिना सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये किंवा एखाद्या खोलीत काढा. फोटो पाहून भारतातूनच घर ठरवू नका आणि आगाऊ रक्कम तर मुळीच पाठवू नका.

घरं मुख्यत्वे दोन प्रकारची. सरकारी गृहनिर्माण मंडळाची म्हणजे एचडीबीची, ज्यांत इथली बहुसंख्य जनता राहते, आणि खासगी काँडो, जिथे पोहण्याचा तलाव, जिम, सुरक्षारक्षक असतात. काँडो किमान तीन महिन्यांसाठी भाड्याने देता येतो, एचडीबीचं घर किमान सहा महिन्यांसाठी. त्याहून कमी दिवसांचा 'करार' कोणी देत असेल तर तो बेकायदा आहे. 'सरकारी' म्हणून एचडीबीला नाक मुरडू नका. घरं प्रशस्त असतात, खाली बाजार, दवाखाना, बसथांबा असतो, आणि शेजार मिळतो. लहान मुलं असलेल्यांना काँडोचं आवार सोयीचं वाटतं, पण त्या तलावासाठी दर महिन्याला जे जास्तीचे पैसे जातात त्यांचा हिशेब मांडून बघा.

भाग निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका, ऑफिसला जायला लागणारा वेळ पाहा. पूर्वेला चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकांची तंत्रज्ञान कार्यालयं आहेत, त्यामुळे सिमेई, टॅम्पिनीस, बेडोक या भागांत भारतीय कुटुंबं पुष्कळ. ईशान्येला सेंगकांग-पुंगोल नवं आणि तुलनेनं स्वस्त. गाडी बदलावी न लागणारा चाळीस मिनिटांचा प्रवास, दोनदा बदलाव्या लागणाऱ्या तीस मिनिटांपेक्षा बरा.

व्यवहाराचा क्रम असा: घर पसंत पडलं की इरादापत्र आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, मग भाडेकरार, मग अनामत. एका वर्षाच्या कराराला एक महिना आणि दोन वर्षांच्या कराराला दोन महिने अनामत अशी रीत आहे. मुद्रांक शुल्क भाडेकरूने भरायचं: चार वर्षांपर्यंतच्या कराराला एकूण भाड्याच्या 0.4 टक्के, सही झाल्यापासून 14 दिवसांत. ते भरल्याचं प्रमाणपत्र स्वतःकडे ठेवा, कारण वाद झालाच तर शुल्क न भरलेला करार पुरावा म्हणून चालत नाही.

एजंटचं नाव सीईए या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत तपासा. एचडीबीच्या भाड्याचे पैसे एजंटने हाताळायचेच नसतात, ते थेट घरमालकाच्या खात्यात गेले पाहिजेत. घरमालक खरंच मालक आहे ना, तेही विचारा. सीईएने नमुना भाडेकरार प्रसिद्ध केलेला आहे. तुमच्यापुढे आलेला करार त्याच्याशेजारी ठेवून वाचा.

करारात तीन गोष्टी शोधाच. पहिली म्हणजे 'डिप्लोमॅटिक क्लॉज'. नोकरी गेली किंवा बदली झाली तर, साधारण बारा महिने राहून झाल्यावर दोन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येतं ते या कलमामुळे. दोन वर्षांच्या करारात हे नसेल तर सही करू नका. दुसरी, दुरुस्तीची मर्यादा. ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे असते, ती रक्कम किती? एसीची तीन महिन्यांनी करायची साफसफाईही बहुधा तुमच्याच खर्चाने. तिसरी, स्वयंपाक. जाहिरातीत 'लाइट कुकिंग' लिहिलेलं असतं. अशा घरात फोडणी, तळण, मासे यांवरून कटकट होते. आपण रोज काय शिजवतो ते आधीच मोकळेपणाने सांगा आणि परवानगी करारात लिहून घ्या. काही घरमालक भारतीय भाडेकरू नको म्हणतात, हेही खरं आहे. मनाला लागतं, पण तिथे वाद घालत बसण्यापेक्षा पुढचं घर पाहा. समजूतदार मालकही भरपूर आहेत.

चावी हातात आली त्या दिवशी प्रत्येक भिंत, फरशी, गादी, नळ आणि फ्रीजच्या आतले कप्पे यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. पहिल्या महिन्यात निघालेले दोष मालकाने दुरुस्त करायचे असतात. अनामत परत मिळण्यावरून सगळ्यांत जास्त भांडणं होतात आणि त्या वेळी हे फोटोच कामाला येतात. दोन वर्षांपर्यंतच्या निवासी करारांचे वाद स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये नेता येतात. 20,000 डॉलरपर्यंतचा दावा चालतो आणि वकील लागत नाही.

पगार पूर्ण हातात येतो, पण कर बाकी असतो

भारतात दर महिन्याला कर कापून पगार येतो, इथे तसं होत नाही. 2025 ची कमाई 2026 मध्ये 18 एप्रिलपर्यंत जाहीर करायची आणि नंतर बिल येतं. पहिल्या वर्षी खात्यात दिसणारे सगळे पैसे आपलेच वाटतात, आणि दुसऱ्या वर्षी बिल आलं की धावपळ होते. दर मुळात कमी आहेत. पहिल्या 20,000 डॉलरवर शून्य, मग चढत्या टप्प्यांनी जास्तीत जास्त 24 टक्के. महिना 6,000 डॉलर पगार असेल तर वर्षाला कर सुमारे 2,700 डॉलर होतो. बारा बिनव्याजी हप्त्यांत भरता येतो. हे दर रहिवाशांचे आहेत, म्हणजे साधारणपणे वर्षात 183 दिवस इथे असलेल्यांचे.

सीपीएफ हा इथला भविष्यनिर्वाह निधी फक्त नागरिक आणि कायम रहिवासी, म्हणजे पीआर यांच्यासाठी. पासावर असलेल्या माणसाला पीएफ नाही, पेन्शन नाही. म्हातारपणाची बचत सर्वस्वी तुमची तुम्ही करायची, तीही पहिल्या पगारापासून.

भारतातल्या बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात बदलून घ्या. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

वस्तूंवर 1 जानेवारी 2024 पासून 9 टक्के जीएसटी आहे. उपाहारगृहाच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील, तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर जीएसटी वेगळा लागतो.

येणं-जाणं

हे सगळ्यांत सोपं प्रकरण आहे. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सहा मुख्य मार्गिका आहेत आणि संपर्कविरहित बँककार्ड टेकवून गाडीत शिरता येतं. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर पूर्ण मार्गाचं भाडं कापलं जातं. थांब्यावर बस हात दाखवल्याशिवाय थांबेलच असं नाही. गाडीत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा. दंड 500 डॉलरपर्यंत. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं.

स्वतःची मोटार घ्यायचा विचार सोडून द्या. मोटारीच्या किमतीवर दहा वर्षांच्या परवान्याचे, म्हणजे सीओईचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि ते मोटारीपेक्षाही जास्त होऊ शकतात. अधूनमधून भाड्याने चालवायची असेल, तर भारतीय परवाना बारा महिन्यांच्या आत लेखी परीक्षा देऊन बदलून घ्या.

दवाखाना

सरकारी पॉलिक्लिनिकची सवलत नागरिक आणि पीआर यांना. आपल्याला पूर्ण दर. साध्या तापाला घराखालचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर गाठायचा, औषधं तोच देतो. वर्क परमिट आणि एस पासवाल्यांचा आरोग्य विमा काढणं कंपनीला बंधनकारक आहे, ईपीवाल्यांचा नाही. म्हणून नेमणूकपत्रात विमा आहे का, त्यात कुटुंब आहे का, बाळंतपण आहे का, दात आहेत का, एकेक विचारा. आईवडील महिनाभर येणार असतील, तर भारतातूनच प्रवास विमा काढून आणा. इथल्या एका रुग्णालयवासाचं बिल घरची बचत रिकामी करू शकतं. रुग्णवाहिका 995, पोलीस 999.

डेंग्यू इथेही आहे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. तपासनीस घरी येतात आणि अळ्या सापडल्या तर दंड होतो. इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर काही वर्षी जून ते ऑक्टोबरमध्ये येतो. दमेकऱ्यांनी पीएसआय हा हवेचा निर्देशांक बघत राहावा. जून 2013 मध्ये तो 401 पर्यंत गेला होता.

मुलांची शाळा आणि मराठी

स्थानिक सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. परदेशी मुलांना पहिलीत नागरिक आणि पीआर यांच्यानंतर उरलेल्या जागा मिळतात. दुसरीपासून एईआयएस ही इंग्रजी आणि गणिताची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्यामुळे बरीच घरं सीबीएसई किंवा आयबी शिकवणाऱ्या भारतीय शाळांकडे वळतात. फी मोठी असते. पगार ठरवताना हा आकडा समोर हवा. दोन-तीन वर्षांत परतायचं नक्की असेल, तर सीबीएसई सोयीचं. इथेच राहायचं असेल, तर लहानपणीच स्थानिक शाळेचा प्रयत्न करावा, असं माझं मत आहे.

स्थानिक शाळेत इंग्रजीबरोबर मातृभाषा हा विषय असतो. भारतीय भाषांत तमिळ, शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. आपली मुलं बहुधा हिंदी घेतात. म्हणजे मराठी टिकवायची जबाबदारी घरावर येते. घरात मराठीच बोला, येताना बालसाहित्याची पुस्तकं जास्त वजन देऊनही आणा, आणि महाराष्ट्र मंडळाशी संपर्क ठेवा. गणेशोत्सवासारख्या त्यांच्या कार्यक्रमांत मुलांना आपल्या वयाची मराठी बोलणारी मुलं भेटतात, आणि भाषा मुलं मुलांकडूनच उचलतात.

पीआर घेण्याचा विषय निघाला तर मुलगा असलेल्या घरांनी शांतपणे बसून बोलावं. आईवडिलांसोबत पीआर झालेल्या मुलाला वयात आल्यावर सुमारे दोन वर्षांची लष्करी सेवा करावी लागते. ती वाईट नाही, अनेक मुलं अभिमानाने करतात. पण हा निर्णय मुलगा पाच वर्षांचा असताना तुम्ही त्याच्या वतीने घेत असता.

खाणं

लिटल इंडियातला टेक्का बाजार पहिल्याच रविवारी बघून घ्या. कढीपत्ता, मेथी, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, ताजे मासे, सगळं मिळतं. तिथून चालत मुस्तफा सेंटर. ज्वारी-बाजरीचं पीठ, पोहे, साबुदाणा, हिंग आणि हंगामात हापूससुद्धा. रविवारी संध्याकाळी मात्र तिथे सुटीवर आलेल्या कामगारांची खूप गर्दी असते. घरात लहान मुलं किंवा वयस्क असतील, तर सकाळी जा. रोजच्या भाजीला घराजवळचा 'ओला बाजार' (भाजी-मासळीची मंडई) सुपरमार्केटपेक्षा स्वस्त. हवा बाराही महिने दमट, तेव्हा पिठं आणि डाळी फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आठवड्यात किडे होतात.

बाहेर खायचं तर हॉकर सेंटर. या खाद्यसंस्कृतीची 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. ती नावापुरती नाही. एकाच छपराखाली चिनी, मलय, तमिळ आणि पेरानाकन (चिनी-मलय मिश्र) पदार्थ, तेही खिशाला परवडणारे. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलेलं दिसलं, की ती जागा कोणी तरी धरलेली आहे. खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं. 2021 पासून ते सक्तीचं आहे. कॉफीला 'कोपी' म्हणा. दूध नको तर 'कोपी-ओ', साखर कमी हवी तर 'सिउ दाई'. नुसता 'तेह' मागितला की कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोड चहा येतो.

शाकाहारी लोकांनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. भाजीत ऑयस्टर सॉस, सूपमध्ये सुकट, चटणीत बेलाचान म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा असतो. मासे, कोळंबी, अंडं एकेकाचं नाव घेऊन विचारा. चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरात सापडतो. तिथलं 'मटण' सोयाबीनचं किंवा गव्हाचं असतं, दचकू नका. लसूण-कांदा टाळणाऱ्यांची तिथे चांगली सोय होते. आणि हो, नळाचं पाणी थेट पिता येतं. फिल्टर घ्यायची गरज नाही.

शेजार आणि कायदा

वरून काहीही खाली पडणं हा गंभीर गुन्हा आहे. खिडकीच्या कडेवर कुंडी ठेवू नका आणि पुसायचं फडकं नीट बांधा. फटाक्यांवर 1972 पासून बंदी आहे, दिवाळीतही. गणपतीचं विसर्जन घरच्या बादलीत करा. रात्री साडेदहानंतर दारूची विक्री बंद, आणि सार्वजनिक जागी पिणंही. लिटल इंडियात शनिवार-रविवारी नियम आणखी कडक असतात. परवानगीशिवाय मोर्चा, निदर्शनं चालत नाहीत, भारतातल्या प्रश्नावर असली तरी. जात, धर्म, वंश यांवरचं पेटतं लिखाण समाजमाध्यमांवर टाकलं तर पोलीस चौकशी होते आणि पास जाऊ शकतो. चुलतभावाने पाठवलं म्हणून पुढे ढकललं, ही सबब इथे ऐकून घेत नाहीत.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात रस्त्याकडेला पितरांसाठी अन्न, उदबत्त्या आणि जाळलेले कागद दिसतील. त्यावर पाय देऊ नका. खुल्या मंचावरच्या गाण्यांची पहिली रांग रिकामी असते, ती पितरांची. आपल्या पितृपक्षाचा मान ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

घरी राहणारी मदतनीस ठेवायची असेल, तर तिच्यासाठी मालकाने वर्क परमिट, महिना 300 डॉलर सरकारी आकार, विमा आणि आठवड्याची सुटी द्यावी लागते. तिचा पासपोर्ट तुमच्याकडे ठेवणं बेकायदा आहे. तिला स्वतःची झोपायची जागा, पोटभर जेवण आणि फोन मिळालाच पाहिजे.

नोकरी सुटली तर, आणि निघताना

हा भाग नोकरी व्यवस्थित चालू असतानाच वाचून ठेवा. नोकरी संपली की कंपनी पास रद्द करते आणि मग साधारण 30 दिवस थांबता येतं. कुटुंबाचे डीपीही तुमच्या पासासोबतच जातात. एवढ्यात नवी नोकरी आणि नवा पास मिळणं अवघड असतं. म्हणून किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मुलांच्या शाळेची फी परत मिळण्याची अट आधीच वाचा आणि भाडेकरारातलं ते कलम आठवा.

बाळ इथे जन्मलं तरी ते आपोआप इथलं नागरिक होत नाही. जन्माची नोंद 42 दिवसांत करायची, मग भारतीय उच्चायुक्तालयातून पासपोर्ट, मग पास. बाळंतपणाआधीच दोघांचे पासपोर्ट आणि इंग्रजीत भाषांतर केलेलं विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा.

कायमचं निघताना कर चुकता केल्याची मंजुरी, म्हणजे टॅक्स क्लिअरन्स घ्यावा लागतो. कंपनीने तुमच्या शेवटच्या दिवसाच्या किमान एक महिना आधी करखात्याला कळवायचं असतं आणि तोवर तुमच्या हातात यायची रक्कम अडवून ठेवायची असते. म्हणजे शेवटचा पगार वेळेवर मिळेल असं गृहीत धरून विमानाची तिकिटं, सामानाचा कंटेनर आणि घराची शेवटची बिलं ठरवू नका. कर वजा होऊन उरलेले पैसे आणि घराची अनामत दोन्ही जमा होईपर्यंत इथलं बँक खातं आणि सिंगपासला जोडलेला फोन नंबर चालू ठेवा.